जोत्याखालची हवा

दिवाळी उलटली, वेण्णेचे पाणी उतरले आणि डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडू लागले, की आमच्या मेढ्यात घरांचा हंगाम सुरू होतो. जावळी तालुक्यातला गडी मुंबईत माथाडीत आयुष्य काढतो, कोपरखैरणे-घणसोलीत खोली घेतो, मुलांची लग्ने तिकडेच करतो. पण गावाकडे घर बांधल्याशिवाय त्याच्या जिवाला शांतता नसते. जुने कौलारू पाडायचे आणि त्याच जागी स्लॅबचे उभे करायचे. आमच्या भाऊबंदकीतल्या अशाच एका घराचे जोते भरून होत आले होते. न्यू जर्सीत असलेला आमचा पुतण्या फोनवरच्या चित्रातून काम पाहत होता. मधेच त्याने विचारले, "काका, सोलिंगमधून पाईप वर काढलाय का? रेडॉनसाठी?"

गवंडी शेजारीच उभा होता. "रेडान म्हंजी नव्या कंपनीचं शिमिट का वो, गुरुजी?" त्याने विचारले आणि सगळे हसले. मीही हसलो. पण पुतण्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तिकडे घर विकत घेताना त्याने आधी जे कागद मागितले, त्यात घराच्या हवेतला रेडॉन मोजल्याचा कागद होता. आपल्याकडे सात-बारा, बिगरशेती आणि फार तर विहिरीच्या पाण्याची तपासणी, इथे आपली चौकशी संपते. जोत्याखालच्या मातीतून काय वर येते, हे कोणी विचारत नाही.

रेडॉन हा वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. खडकात आणि मातीत थोडेफार युरेनियम सगळीकडेच असते. ते फुटत फुटत त्याचे रेडियम होते आणि रेडियमपासून हा वायू सुटतो. त्याचे आयुष्य अल्प. पावणेचार-चार दिवसांत त्यातला निम्मा संपतो. मोकळ्या रानात तो वाऱ्यावर विरून जातो आणि कोणाचे काही बिघडत नाही. घरात मात्र तो कोंडतो. कोंडला की त्याच्यापासून पोलोनियमसारखे जे कण निपजतात ते धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि तिथेच फुटतात. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना होणारा छातीचा असाध्य विकार म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले होते. कारण उमगायला मात्र पुढे कित्येक दशके गेली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत बसवले. सिगारेटनंतर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मोठे कारण म्हणून अनेक देशांत आज त्याचेच नाव घेतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर रेडॉनचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे पंचवीसपट असतो.

खाणीतला हा वायू माणसांच्या घरातही आहे, हे जगाला ज्या प्रसंगाने पटले तो सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमेरिक येथे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. कामगारांच्या अंगाला किरणोत्सारी धूळ लागली आहे का, हे पाहणारी यंत्रे दाराशी बसवलेली होती. डिसेंबर १९८४ मध्ये स्टॅनले वॉट्रस नावाचा अभियंता त्या यंत्रापाशी आला की घंटा वाजू लागे. गंमत अशी, की केंद्र अजून सुरूच झाले नव्हते. मग हा माणूस किरणोत्सार आणतो कुठून? एके दिवशी तो कामावर आल्या आल्या, आत काही करण्यापूर्वीच यंत्रापाशी गेला, तरी घंटा वाजली. तो सगळा प्रकार घरून घेऊन येत होता! त्याच्या घरातला रेडॉन मोजला तेव्हा, ज्या पातळीला अमेरिकन सरकार पुढे 'आता उपाय करा' असे सांगू लागले, तिच्या जवळजवळ पावणेसातशेपट तो निघाला. घरात बायको होती, लहान मुले होती. त्या घराखालून युरेनियम असलेल्या जुन्या खडकाचा पट्टा जात होता. हाच पट्टा पुढे न्यू जर्सीच्या वायव्य भागातून न्यू यॉर्क राज्यात जातो. आपली कितीतरी मराठी कुटुंबे आज त्या भागात तळघर असलेल्या घरांत राहतात, त्यामुळे पुतण्याचा प्रश्न त्याच्या जागी बरोबरच होता.

उपाय अगदी साधा आहे, म्हणूनच तो मला जास्त आवडला. घर उबदार झाले की आतली हवा वर चढते, फटीतून बाहेर जाते आणि तिची जागा भरायला घर जमिनीतली हवा ओढून घेते. चिमणी जशी ओढते, तसे. तेव्हा जमिनीतल्या हवेला घराबाहेरची वाट करून द्यायची. फरशीखाली चार इंच खडीचा थर टाकायचा, म्हणजे वायूला आडवे सरकता येते. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि मग काँक्रीट ओतायचे. खडीच्या थरातून तीन-चार इंची पीव्हीसी पाईप उभा काढून थेट छपराच्या वर न्यायचा. पाईप जिथून जातात त्या भोकांच्या कडा आणि भिंत-फरशीच्या सांध्यातल्या फटी बुजवायच्या. एवढ्याने भागले नाही तर पाईपला पंखा जोडायचा. त्यासाठी विजेची जोडणी आधीच काढून ठेवायची. आयर्लंडमध्ये जुलै १९९८ पासून प्रत्येक नव्या घराच्या फरशीखाली अशी तयारी करून ठेवणे नियमाने बंधनकारक झाले, आणि जिथे रेडॉन जास्त त्या भागांत वायू अडवणारा पडदाही घालावा लागतो.

हे वाचताना मला आमचा गवंडीच आठवत होता. जोत्यात मुरमाचा भराव टाकून, पाणी मारून, धुमस करून झाले की तो त्यावर दगडांचे सोलिंग रचतो आणि मग कोबा टाकतो. अमेरिकन कंत्राटदार ज्याला वायूचा थर म्हणतो, तो आमच्याकडे बापजाद्यांपासून ओल वर चढू नये म्हणून आहेच! उणीव असली तर कागदाची आणि एका पाईपची. घराच्या खर्चात दोन्ही मिळून दाराच्या कडी-कोयंड्यांइतकीही रक्कम होणार नाही. मात्र कोबा पडून वर फरशी बसली, की हेच काम दसपट त्रासाचे होते.

मग आमच्या मेढ्याच्या घराला पाईप काढायचा का? माझे मत: नाही. हे मत मी आळसाने देत नाही. आमच्या पायाखालच्या खडकाकडे पाहून देतो. इथला काळा दगड म्हणजे बसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. ग्रॅनाइटमध्ये दर दहा लाख भागांत युरेनियमचे तीन-चार भाग असतात, तर बसाल्टमध्ये जेमतेम एक, बहुधा त्याहूनही कमी. ग्रॅनाइट आमच्याकडेही आहे, पण फार खोल. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट लागला आणि मग ग्रॅनाइटचा जुना तळ. मेढा त्याच कातळाच्या पसाऱ्यावर उत्तरेला बसलेले आहे. चार दिवसांत निम्मा होणारा वायू तेवढ्या खोलीवरून आमच्या माजघरापर्यंत पोहोचेल कशाला? शिवाय आमच्याकडे तळघरे नाहीत, आणि बर्फाच्या भीतीने सहा महिने खिडक्या बंद ठेवण्याची वेळही येत नाही.

खरे तर रेडॉन हा शब्द सातारा जिल्ह्याला अगदी परका नाही. १९६६ च्या ताश्कंदच्या भूकंपापूर्वी तिथल्या खोल विहिरींच्या पाण्यात रेडॉन वाढलेला आढळला होता. तेव्हापासून भूकंपाची वर्दी देणारा निरोप्या म्हणून शास्त्रज्ञ त्याच्याकडे आशेने पाहत आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात जमिनीतला रेडॉन सतत मोजून पाहिला तो याच हेतूने. भरवशाची वर्दी अजून कोणाला साधलेली नाही. पण हा वायू मोजता येतो, तो मोजणारी माणसे आणि उपकरणे आपल्या देशात आहेत, एवढे तर यातून दिसतेच.

मेढ्याला पाईप नको, हे एका गावाचे उत्तर झाले. ते महाराष्ट्राचे उत्तर नव्हे, आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. आपण सगळ्या राज्याला काळ्या दगडाचा देश समजतो. पण नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलात तर रानात ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसतील. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग हा लाव्हाच्याही कितीतरी आधीच्या खडकांचा आहे. सिंधुदुर्गातही जांभ्याखाली जुने खडक आहेत. तिथल्या प्रत्येक घरात रेडॉन भरलेला आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. तिथे प्रश्न विचारायला हवा, इतकेच म्हणतो. केंद्राच्या घरकुल योजनेत किमान पंचवीस चौरस मीटरचे घर मिळते. लहान घर, कमी उंची, एखादी खिडकी. जोते मेढ्यात भरले काय आणि देगलूरला भरले काय, सोलिंगखाली काय आहे याने मंजुरीच्या कागदात काही फरक पडत नाही. मला हे चुकीचे वाटते.

जमीन पाहून नियम बदलता येतो, हे आपल्याला कोयनेने शिकवलेले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. आमच्याकडचे जुने लोक त्या पहाटेबद्दल अजून बोलतात. तोवर दख्खनचे पठार म्हणजे निश्चल, अशी समजूत होती. १९७० मध्ये भूकंपविषयक मानक सुधारले तेव्हा 'शून्य' हा विभागच नकाशावरून काढून टाकला गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. आज आमच्या गावातला गवंडीसुद्धा खिडकीच्या वर पट्टा ओतल्याशिवाय पुढचा थर चढवत नाही. त्याला कोणी मानक वाचायला दिले नव्हते. नकाशा बदलला, इंजिनियरांचे नकाशे बदलले आणि ती सवय त्याच्या हातात उतरली. तसा खडकाचा नकाशा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे तयार आहे. तो पंचायत समितीच्या बांधकाम विभागाच्या भिंतीवर लावून, ग्रॅनाइटच्या तालुक्यांतल्या घरकुलांच्या अंदाजपत्रकात एक प्लॅस्टिक कागद आणि एक पाईप धरायला फार मोठे धोरण लागत नाही.

मेढ्यातही एक गोष्ट मला खटकते. जुन्या कौलारू घरात जमीन शेणाने सारवलेली असे. तिच्यातून हवा वर येई हे खरे, पण कौलांच्या फटींतून आणि भिंतीतल्या झरोक्यांतून ती निघूनही जाई. घर श्वास घेत होते. नव्या स्लॅबच्या घरात दारावरचा झरोका गेला, कारण तो 'गावंढळ' दिसतो. सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, त्यांना डासांची जाळी, त्यावर पडदा. मुंबईच्या फ्लॅटचा नकाशा जसाच्या तसा डोंगरात आणून ठेवला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर घरे बंदच असतात. धुके आत येते, कपडे वाळत नाहीत. अशा घरात ओल कोंडते, बुरशी कोंडते आणि मागल्या पडवीतल्या चुलीचा धूरही कोंडतो. गॅस घरोघरी आला, तरी पावसाळ्यात पाणी तापवायला चूल पेटतेच. माझ्या मते आमच्या बायकांच्या फुफ्फुसांना रेडॉनपेक्षा त्या धुराचे भय कितीतरी मोठे आहे. दोन्हींवर उपाय मात्र एकच: स्लॅबलगत समोरासमोर दोन झरोके, बाहेरून पावसाचे छज्जे घेऊन. त्यासाठी लागते ती विटेची जागा मोकळी सोडण्याची बुद्धी, आणि हौसेने नकाशा काढणाऱ्याला 'हे ठेवच' म्हणण्याचे धाडस.

जाता जाता ग्रॅनाइटच्या ओट्याविषयी, कारण हा विषय निघाला की घरातल्या बायकांचा पहिला प्रश्न तोच असतो. ओटा काढू नका. पॉलिश केलेल्या दगडातून सुटणारा रेडॉन सहसा नगण्य असतो. घरात येणारा बहुतेक वायू जमिनीतून येतो, ओट्यातून नव्हे.

राहता राहिले मोजमाप. एक घनमीटर हवेत दर सेकंदाला रेडॉनचे किती अणू फुटतात, तो आकडा बेकेरेलमध्ये सांगतात. घरांची जागतिक सरासरी चाळीसच्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये शंभरची मर्यादा सुचवली आणि जिथे ते जमणार नाही तिथेही तीनशेच्या वर जाऊ देऊ नका, असे सांगितले. मोजायला घरात मोठे यंत्र आणावे लागत नाही. काडेपेटीएवढ्या डबीत एक खास प्लॅस्टिकची फिल्म असते. अणू फुटला की तिच्यावर सूक्ष्म ओरखडा उमटतो. डबी खोलीत तीन महिने टांगायची आणि मग प्रयोगशाळेत ते ओरखडे मोजायचे. देगलूर, बिलोली किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाने मनावर घेतले, तर विद्यार्थ्यांकडून शंभर घरकुलांत अशा डब्या लावून घेता येतील. लावायच्या तर त्या पावसाळ्यात लावाव्यात, दारे-खिडक्या लागलेल्या असतात तेव्हा. आणि जमिनीवर नाही, माणूस झोपतो त्या उंचीला.