मुंबईकरांनो, आपल्या गल्लीतला वारा ओळखा

थंडीच्या दिवसांत आपण सकाळी उठल्याबरोबर रस्त्याकडची खिडकी उघडतो. घरात ताजी हवा यावी, हा हेतू चांगलाच. पण नेमकी तीच वेळ वाईट. हिवाळ्यात रात्री नि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेही मंद. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्याने वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ खालीच कोंडून राहते. दुपारी खारे वारे सुटले की कोंडी फुटू लागते. म्हणून धुरकट सकाळी खिडक्या बंद ठेवा, दुपारी उघडा. वयस्करांनी फिरायला ऊन चढल्यावरच निघावे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. गिरगाव, काळबादेवीसारख्या दाट वस्तीत दोन्ही बाजूंना सलग इमारती असतात. वारा रस्त्याला आडवा असला तर तो समोरच्या इमारतीवर आपटून खाली उतरतो आणि रस्त्यावरून उलटा फिरतो. पश्चिमेचा वारा असेल तर धूर पश्चिमेकडच्याच फूटपाथवर साचतो! २००५ साली न्यू यॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या परिसरात निरुपद्रवी वायू सोडून शास्त्रज्ञांनी मोजमाप केले, तेव्हा तो वायू वाऱ्याच्या उलट दिशेलाही पसरलेला आढळला.

हे तुम्हीही पाहू शकता. दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे कुठे उडतात ते बघा. मग खाली येऊन, रहदारी थोडी थांबली की, फूटपाथवर पेटती उदबत्ती धरा. धूर वरच्या वाऱ्याच्या उलट जात असेल, तर वारा येतो त्या बाजूच्या फूटपाथवर मुलांना घेऊन ताटकळू नका. बोट धरून चालणाऱ्या मुलाचे नाक सायलेन्सरच्या किती जवळ असते, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट सोसायटीची. रात्री पेटवलेला पालापाचोळा आणि शेकोटी यांचा धूर सकाळपर्यंत खालच्या मजल्यांतच घोटाळतो. पाला जाळू नका, खत करा. रखवालदाराला स्वेटर आणि जाड ब्लँकेट द्या. थंडीत त्याने शेकायचे तरी कशाला? शेजारी बांधकाम सुरू असेल तर हिरवे कापड, उंच पत्रे आणि पाण्याची फवारणी आहे की नाही ते बघा, नसेल तर महापालिकेकडे तक्रार करा. इमारतीचा पुनर्विकास होणार असेल, तर दोन इमारतींमध्ये वाऱ्याला वाट किती ठेवली आहे, हा प्रश्न चटईक्षेत्राच्या चर्चेआधी विचारा. एकदा भिंत उभी राहिली की ती वाट पुन्हा मिळत नाही.