विकतचे गाणे आणि भाड्याचे गाणे

उस्ताद अमीर खाँ यांची, एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली दीर्घमुद्रिका ज्या इंदूरकराच्या कपाटात असेल, त्याला ती आपली आहे की नाही असा प्रश्न कधी पडत नाही. रोख पैसे मोजून ती घेतलेली असते. ती घरच्या ग्रामोफोनवर वाजते तशी पुण्याच्या जावयाकडेही वाजते. स्नेह्याला चार दिवस ऐकावयास देता येते, आणि परत आली नाही तर त्याच्याशी हक्काने भांडताही येते. मालकाच्या पश्चात ती मुलाकडे जाते. यांतील एकाही गोष्टीसाठी तबकडी काढणाऱ्या कंपनीची परवानगी लागत नाही.

तेच गाणे आज मोबाईलवर 'विकत' घेतले तर यांतले काय काय उरते, हा प्रश्न आम्हांस रसिकांपुढे ठेवावयाचा आहे. तो यंत्रशास्त्राचा वाटला तरी मुळात मालकीचा आहे.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतील ॲपल कंपनीने आयट्यून्स स्टोअर नावाचे दुकान उघडले आणि ९९ सेंटला एक याप्रमाणे गाणी विकावयास काढली. नॅपस्टरच्या द्वारे १९९९ पासून गाण्यांची जी फुकट लयलूट चालली होती, तिने ध्वनिमुद्रिका कंपन्या धास्तावलेल्या होत्या. म्हणून या दुकानातील प्रत्येक फाईलला त्यांच्या आग्रहाने कुलूप होते. ते गाणे ॲपलच्या आयपॉडवर वाजे, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाजत नसे, आणि पुढे ठरले त्याप्रमाणे पाचांहून अधिक कॉम्प्युटरवर चालत नसे. यातून सुटण्याची एक पळवाट दुकानानेच ठेवली होती. गाणी कोऱ्या सीडीवर उतरवायची आणि त्या सीडीवरून पुन्हा कॉम्प्युटरवर घ्यायची. म्हणजे स्वतःच्याच घरात खिडकीतून शिरण्यापैकी हा प्रकार. आणि त्या खटाटोपात आवाजाचा थोडा कस जाई तो निराळाच.

गंमत अशी की, याच कंपन्या तीच गाणी सीडीवर बिनकुलपाची विकत होत्या. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर लेख लिहून हा विरोध उघड केला. २००६ साली कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली आणि सीडीवरील मोकळी गाणी वीस अब्जांहून अधिक, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या दरवाज्याला टाळे आणि मागचे दार सताड उघडे, अशी ही पहारेदारी होती. त्याच वर्षी ईएमआयने आपल्या गाण्यांचे कुलूप काढले आणि २००९ पर्यंत आयट्यून्सवरील बाकीच्या गाण्यांचेही निघाले.

मध्यंतरी ज्यांनी दुसऱ्या दुकानांवर भरवसा टाकला त्यांचे हाल पाहण्यासारखे आहेत. मायक्रोसॉफ्टने आपल्या कुलूपपद्धतीला 'प्लेज फॉर शुअर', म्हणजे 'खात्रीने वाजेल', असे नाव दिले होते. २००६ साली त्याच कंपनीने काढलेल्या झून या यंत्रावर ही खात्रीची गाणी वाजत नव्हती! तिच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये गिऱ्हाइकांना कळविले की, ३१ ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ल्या मिळणार नाहीत. जुना कॉम्प्युटर जोवर जिवंत, तोवरच गाणे जिवंत, असा याचा अर्थ होता. फार ओरड झाली तेव्हा ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली.

याच्या शेजारी आपल्याकडील एक उदाहरण ठेवावे. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत 'फ्लाईट' नावाचे गाण्यांचे दुकान काढले आणि २०१३ च्या जूनमध्ये गुंडाळले. दुकान बुडाले, परंतु तेथील एमपी३ फाईलींना कुलूप नव्हते. त्यामुळे ज्यांनी त्या वेळीच गाणी उतरवून घेतली, त्यांची ती आजही वाजतात. दुकान बंद पडल्यावर मालाचे काय होते, ही आमच्या मते खऱ्या विक्रीची कसोटी.

आज परिस्थिती अधिक फसवी आहे, कारण कुलूप दिसतच नाही. महिन्याच्या वर्गणीवर लाखो गाणी ऐकवणाऱ्या सेवांत 'डाऊनलोड' असे बटण असते आणि ते दाबले की गाणे आपल्या फोनवर आले असे वाटते. वास्तविक ती फाईल त्या ॲपबाहेर निघत नाही. स्पॉटिफायच्या बाबतीत तर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावावी लागते, आणि वर्गणी थांबली की उतरवलेले सारे वाजेनासे होते. भाड्याचे घर वाईट असे आमचे म्हणणे नाही. नवा गायक ऐकून पाहावयास ही सोय उत्तमच आहे. भाड्याच्या पावतीवर 'खरेदी' असा शिक्का मारू नये, एवढेच आमचे मागणे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये नेमका असाच कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' हा शब्द तेथे वापरता येत नाही; कायमची उतरवून घेता येणारी फाईल मात्र या अटीतून वगळली आहे. आपल्या ग्राहक-चळवळीने इकडे लक्ष द्यावे.

मग रसिकाने काय करावे? जे गाणे जन्मभर ऐकावयाचे आहे, ते फाईल हाती देणाऱ्या दुकानातून घ्यावे. बँडकॅम्पवर तीच चीज एमपी३, फ्लॅक वा वॅव्ह यांपैकी हव्या त्या रूपात मिळते. पर्याय असेल तर फ्लॅक घ्यावी. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा खातो. फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो, आणि सुराचा एक कणही गळत नाही. तीवरून फोनसाठी एमपी३ केव्हाही करता येते. एमपी३ वरून पुन्हा मूळ आवाज परत आणता येत नाही. अँड्रॉइड फोनवर तारेने जोडून फाईली सरळ नकलून घ्याव्यात. आयफोनच्या संगीताच्या ॲपमध्ये त्या नेण्यासाठी कॉम्प्युटरच्या मध्यस्थीने जुळणी करावी लागते, हा जाच अजून संपलेला नाही.

आपल्या संगीताची एक निराळीच अडचण आहे. ही सारी व्यवस्था पाश्चात्त्य 'साँग'च्या मापाने बेतलेली. तीत कलावंताला रकाना आहे, अल्बमला आहे. रागाला नाही, तालाला नाही, तबलजी आणि हार्मोनियमवाल्याला तर नाहीच. पुष्कळदा राग गाण्याच्या नावात कोंबलेला असतो, तोही एका ठिकाणी एका रोमन स्पेलिंगने आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या. अशी फाईल एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली की शोधूनही सापडत नाही. काही यंत्रे तर विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो तेथे क्षणभर गप्प बसतात, आणि बांधून आणलेली हवा मोडते. फाईल घेतली त्याच दिवशी राग, ताल, साथीदार आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष देवनागरीत नोंदवून ठेवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आपल्या फोनवरून आपल्या कॉम्प्युटरवर गाणे नेणे निराळे, आणि तेच गाणे व्हॉट्सॲपवर दोनशे जणांना वाटणे निराळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी उपयोगासाठी वाजवी वापराची मोकळीक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५अ कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. गायकाच्या पोटावर पाय देऊन रसिकता मिरविणाऱ्यांची आम्ही वकिली करणार नाही. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोर समजून वागविल्याने चोरी थांबली नाही, हाही गेल्या वीस वर्षांचा अनुभव आहे.

राहता राहिला वारशाचा प्रश्न. ॲपलने २०२१ मध्ये मृताची छायाचित्रे व टिपणे वारसाला पाहता यावीत अशी सोय केली. विकत घेतलेले संगीत तीतून वगळले आहे. तेव्हा ज्या दुकानांची गाणी मोकळी आहेत, त्यांवरून ती आजच उतरवून एक प्रत घरातील डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या गावी मुलाकडे ठेवावी.

आणि माळव्यातील ज्या संगीतसंस्था आपल्या मैफलींची ध्वनिमुद्रणे जपून आहेत, त्यांनी कलावंतांची वा त्यांच्या वारसांची लेखी संमती घेऊन, त्यांचा वाटा ठरवून, ती अशाच बिनकुलपाच्या फाईलींच्या रूपाने विक्रीस काढावीत. प्रत्येकीसोबत राग-ताल-साथीदारांचे टिपण असावे, आणि पावतीवर 'विक्री' हा शब्द असावा.