कुलूप माझ्या लॅपटॉपला, किल्ली त्यांच्याकडे

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

तर झालं असं. माझा लॅपटॉप २०१९ चा, नवव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला. कोपरखैरण्यात मे महिन्यात पंख्याखाली बसून कोड कंपाइल करायचा म्हणजे त्याला ताप येणार हे ओघानं आलंच. म्हणून घेतला त्याच वर्षी मी त्याचं व्होल्टेज थोडं खाली आणलं. थ्रॉटलस्टॉप नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर, त्यात एक स्लायडर, उणे ९० मिलिव्होल्ट. तापमान ९६ वरून ८५ वर आलं आणि पुढे कित्येक वर्षं बिनतक्रार चाललं. मागच्या महिन्यात एका रात्री विंडोज अपडेटने मला न विचारता बायोस बदलला. सकाळी बघतो तर स्लायडर करडा, हलेचना. आणि पंखा असा सुटला की बायकोने आतून विचारलं, "मिक्सर लावलायस का?"

जुना बायोस परत टाकायला गेलो तर मशीन म्हणतं, जुनी आवृत्ती चालणार नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. उत्तर मिळालं, "सर, कन्झ्युमर मॉडेलमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज येत नाहीत."

इथे माझी सटकली. येत नाहीत? अहो, येतात! लॅपटॉप कंपन्या सहसा बायोस शून्यातून लिहीत नाहीत. एएमआय, इनसाइड, फिनिक्स यांच्यासारख्यांकडून तयार माल घेतात आणि त्यात शेकडो सेटिंग्जची पानं असतात. कंपनी फक्त ती पानं झाकते. विश्वास नसेल तर आपल्याच कंपनीच्या साइटवरची बायोसची फाइल उतरवा आणि यूईएफआयटूलमध्ये उघडा. आतला मेनू वाचता येईल असा बाहेर काढणारी दुसरी छोटी टूल्सही आहेत. माझ्या फाइलमध्ये 'ओव्हरक्लॉकिंग लॉक' हे सेटिंग नावासकट, मदतीच्या मजकुरासकट शाबूत होतं. वर फक्त एक अट, की हे पान दाखवू नकोस. म्हणजे मेनू कार्ड छापलंय, भटारखाना चालू आहे, फक्त दोन पानं डिंकाने चिकटवलीत. आणि वेटर सांगतोय, तो पदार्थ आमच्याकडे होतच नाही.

व्होल्टेज कमी करणं म्हणजे काही आगीशी खेळ नाही. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते, त्यामुळे कारखाना जरा जास्तच व्होल्टेज ठरवतो, म्हणजे लॉटमधली मठ्ठ चिपसुद्धा चालावी. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ व्होल्टचं ०.९१ केलं तर साधारण १७ टक्के वीज वाचते, वेग तोच. फार खाली गेलात तर मशीन लटकतं, रीस्टार्ट करायचं. जळत काही नाही.

मग कुलूप का? आता प्रामाणिकपणे सांगायचं तर कारण होतं. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्युव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला जाहीर केला. व्होल्टेज नेमकं इतकं खाली आणायचं की प्रोसेसर गणितं चुकायला लागेल, आणि त्या चुकांवरून एसजीएक्स नावाच्या सुरक्षित कप्प्यातल्या किल्ल्या काढायच्या. हुशार काम, वादच नाही. इंटेलने उपाय म्हणून व्होल्टेजला कुलूप घालायची सोय दिली आणि अनेक लॅपटॉप कंपन्यांनी ते सरसकट ठोकून दिलं.

पण त्या हल्ल्याला आधी मशीनवर ॲडमिनचे हक्क लागतात, म्हणजे चोर आधीच घरात शिरलेला असायला हवा. आणि घरगुती लॅपटॉपवर एसजीएक्स कशाला वापरायचे? ठळक उपयोग म्हणजे फोर-के ब्लू-रे डिस्क बघणे. हात वर करा, कोणाकोणाकडे आहे? :) पुढे अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती कोअर प्रोसेसरांमधून एसजीएक्सच काढून टाकलं. आणि माझ्यासारखा, ज्याने ते कधी वापरलंच नाही, तो बसलाय कुलूप कुरवाळत. एसजीएक्स बंद ठेवणाऱ्याला व्होल्टेज मोकळं, इतका साधा पर्याय देता आला असता.

तुम्ही म्हणाल, लोक काहीतरी बिघडवतील आणि बोंबलत सर्व्हिस सेंटरला येतील. मान्य. चुकीच्या जागी एक बाइट लिहिला तर मशीन उठत नाही, ऑफिसातल्या एका मित्राचं झालंय. पण न बिघडवताही मशिनं मेलीत त्याचं काय? २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप नुसतं लिनक्स सुरू केल्याने कायमचे आडवे झाले होते. २०१६ मध्ये एक फोल्डर पुसल्यावर लॅपटॉप विटेसारखा झाल्याची तक्रार गाजली. दोन्हीकडे कच्चं निघालं ते फर्मवेअर. डेस्कटॉपचा मदरबोर्ड घ्या, हीच सगळी सेटिंग्ज उघडी असतात. तिथला ग्राहक जास्त शहाणा असतो का?

मी काही फुकट मागत नाही. जुन्या क्रोमबुकात बोर्डावर एक स्क्रू असायचा. तो काढला की फर्मवेअर लिहिता येई. दुरून हल्ला करणाऱ्याला स्क्रू काढता येत नाही, मालकाला येतो. तसा एक स्क्रू द्या, लाल अक्षरात इशारा द्या, हवं तर लिहा की यानंतर वॉरंटी गेली. आम्ही नवी मुंबईकर, सिडकोच्या लीजवरच्या जमिनीवर घर घेताना निदान कागदावर वाचतो की जमीन लीजवर आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर असं कुठे लिहिलं होतं?

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. मी वकील नाही, पण कलम वाचता येतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ अ हे कलम डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला पकडतं, पण हेतू हक्कभंगाचा असेल तर. स्वतःच्या लॅपटॉपचा ताप उतरवण्यात कोणाचा हक्क भंगतो?

असो. ग्रबच्या शेलमधून ते सेटिंग बदलून पाहिलं, नव्या बायोसने लिहूच दिलं नाही. मग शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. काहीशे रुपयांत सीएच३४१ए प्रोग्रामर आणि आठ पायांच्या चिपला लावायचा चिमटा मिळाला. (घेणार असाल तर मीटरने तपासून घ्या, काहींच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि बायोसची चिप ३.३ किंवा १.८ ची असते.) बॅटरी काढली, चिप दोनदा वाचली, दोन्ही फाइली जुळल्या, एका बाइटचा ०१ होता त्याचा ०० केला आणि लिहिला. चालू होईपर्यंतचं ते अर्धं मिनिट पोटात गोळा होता.

झाला चालू. ८५ अंश, मिक्सर गप्प. आता फर्मवेअरचे अपडेट मात्र मी बंद करून ठेवलेत, नाहीतर पुन्हा रात्रीत कुलूप लागायचं. म्हणजे उद्या खरोखरचं भगदाड बुजवणारी दुरुस्ती आली तरी ती माझ्यापर्यंत पोचणार नाही. कंपनीला हे ईमेलने कळवलंय. तक्रार क्रमांक आलाय.