भाडं कुणी भरायचं?

वागळे इस्टेटमध्ये आमच्या ऑफिसखाली टपरी आहे. चहा घेतला की साउंडबॉक्स ओरडतो, 'पंधरा रुपये प्राप्त झाले.' त्या डब्याचं भाडं काका दरमहा भरतात. डबा नसला तर गर्दीत कुणी पैसे दिले, कुणी नाही, कळत नाही.

आता तो डबा ज्या रुळांवर चालतो ते बघा. यूपीआय चालवणारी एनपीसीआय रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेने २००८ मध्ये उभी केली. ना नफा तत्त्वावर. आज सुमारे ऐंशी टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांकडे आहेत. म्हणजे वॉलमार्ट आणि गूगल. एका ॲपचा हिस्सा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असं २०२० मध्ये ठरलं. मुदत ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर गेली. वर २०२४-२५ साठी छोट्या व्यवहारांवर सरकारने १,५०० कोटींचं प्रोत्साहन ठेवलं, बँका आणि ॲपवाल्यांत वाटायला.

डबा खाताना आमच्यात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, कंपन्या सरकारजमा करा. अरे, व्होडाफोन-आयडियात सरकारचे सुमारे ४९ टक्के शेअर आहेत, कारभार मात्र आधीच्याच प्रवर्तकांकडे. आणि ठाणेकराला एमटीएनएलची आठवण करून द्यायला नको. दुसरी म्हणते, टॅक्स लावा. लावला होता की! २०१६ मध्ये ऑनलाइन जाहिरातींवर सहा टक्के, लोक त्याला 'गूगल टॅक्स' म्हणायचे. अमेरिकेने आयातशुल्काचा दम भरला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो गेला.

दोघांनाही आपण बसलोय ती जागा दिसत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात याच वागळे इस्टेटमधून झाली. महामंडळाने कारखाने चालवले नाहीत, जमीनही विकून टाकली नाही. प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. कारखाने बंद पडले, आयटी पार्क आले, आमच्यासारखे लॅपटॉपवाले आले. खालची जमीन महामंडळाचीच.

यूपीआयचंही तसंच करा. ॲप तुमचं, रूळ आमचे. ३० टक्क्यांच्या वर जेवढे व्यवहार, तेवढ्यांवर भाडं, आणि ते कर्ज, विमा, जाहिरातींच्या कमाईतून. 'मग ते आपल्याकडूनच वसूल करतील,' असं आमचा टीम लीड म्हणतो. करू देत. त्या मर्यादेखालच्या ॲपला भाडं शून्य असेल, आणि ॲप बदलायला मला दोन मिनिटं लागतात. काकांना साउंडबॉक्स बदलायला किती लागतात, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही.