वर्गातला हशा आणि आपले मौन

गेल्या महिन्यात आमच्या भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत शाळांच्या प्रश्नांवर चर्चा झाली. शिक्षकांची रिक्त पदे, कमी पटाच्या नावाखाली शाळा बंद करण्याचे घाट, ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची गळती, हे विषय क्रमाने झाले. समलिंगी आणि तृतीयपंथी मुलांचा शाळांत जो छळ होतो, त्याविषयीही ठरावात एक कलम घालावे, असे मी सुचवले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग हशा पिकला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘‘सर, आधी भाकरीचे बघू, मग या चैनीच्या प्रश्नांचे,’’ असे म्हणून विषय संपवला. यातील कोणाचाही हेतू दुष्ट नव्हता. यांतल्या बहुतेकांनी चळवळीसाठी लाठ्या खाल्ल्या आहेत. तरीही त्या हशाने मी अस्वस्थ झालो, कारण तो माझ्या ओळखीचा होता.

तीसेक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो. वर्गात एका कामगाराचा मुलगा होता. मागणीची लवचिकता एकदा सांगितली की त्याला समजे, आणि तो ती शेजारच्याला समजावून देई. त्याचे चालणे-बोलणे इतर मुलांना बायकी वाटे. हजेरीत त्याचे नाव आले की मागच्या बाकांवरून कोणीतरी नाजूक आवाज काढून ‘हजर’ म्हणे. एके दिवशी ती नक्कल इतकी हुबेहूब झाली की मीही हसलो. फार नाही, थोडेसेच. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा आला नाही. काही दिवस मी त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली. पुढे हजेरीपटावरून त्याचे नावच गेले. त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी, असे मला सुचले नाही. आज सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. मुले एकमेकांना चिडवतात तोवर तो पोरखेळ असतो. शिक्षक हसला की त्या छळाला संस्थेची मान्यता मिळते.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे. हा प्रश्न त्या मुलाच्या स्वभावाचा नाही, तो वर्ग चालवणाऱ्यांचा आहे. आणि महाराष्ट्रात वर्ग चालवणाऱ्यांमध्ये, शिक्षक संघटनांमध्ये, संस्थांच्या कार्यकारिणींमध्ये आपण पुष्कळ आहोत.

‘आधी भाकरी’ या युक्तिवादाला उत्तर देणे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला भागच आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष या रकान्यांबाहेर ज्यांची नोंद ‘इतर’ अशी झाली, ते देशात सुमारे ४ लाख ८८ हजार होते. त्यांच्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. एकूण देशाचे ७३ टक्के. हा फरक कोठून आला? ही मुले निर्बुद्ध जन्मत नाहीत. ती शाळेतून हाकलली जातात, आणि शाळेतून गेलेल्या मुलासमोर कोणता रोजगार उरतो हे सिग्नलवर टाळी वाजवून हात पुढे करणाऱ्यांकडे पाहून आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे भाकरी हिरावली जाते ती वर्गातच. जागतिक बँकेसाठी २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात समलिंगीद्वेषामुळे भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाची हानी ०.१ ते १.७ टक्क्यांपर्यंत होत असावी, असा अंदाज मांडला होता. मात्र हा आकडा पुढे करून मी न्याय मागणार नाही. उत्पादनात भर पडत नसती, तरीही त्या मुलाला वर्गात ताठ मानेने बसण्याचा हक्क असताच. माणसाची प्रतिष्ठा ताळेबंदातून सिद्ध करावी लागत असेल, तर आपण समाजवादी कशाला म्हणवून घ्यायचे?

दुसरा आक्षेप असा की, हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बाहेरून आला तो कायदा. मेकॉलेच्या मसुद्यावर आधारलेल्या १८६० च्या दंडसंहितेत इंग्रजांनी कलम ३७७ घातले आणि ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना गुन्हा ठरवले. तो कलंक सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता पुसला. स्वदेशीचा अभिमान मिरवणारे एका इंग्रजी कलमाच्या रक्षणाला इतकी वर्षे धावत होते, हा विनोद कोणाच्या ध्यानात आला नाही.

महाराष्ट्राची परंपराही पाहा. विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमावलेले र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, शास्त्राच्या आधारे उत्तरे देत होते. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजेच अश्लील झाले, हे त्यांना मान्य नव्हते. लोकांचे प्रश्न असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर द्यावे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या प्रश्नासाठी बाबासाहेबांनी काळा कोट चढवला, त्या प्रश्नाला आज आपण चैन म्हणतो! आमचे ढोंग आणखीही एका ठिकाणी दिसते. शालू नेसून रंगभूमीवर येणाऱ्या बालगंधर्वांवर मराठी माणसाने जीव ओवाळला, त्यांच्या नेसण्या-मुरडण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. तीच नजाकत शाळेतल्या एखाद्या मुलाच्या चालीत दिसली की आपण त्याला ‘बायल्या’ म्हणतो. रंगमंचावर जी कला, ती पटांगणावर शिवी कशी होते? आणि त्या शिवीत स्त्रीची किती अवहेलना भरलेली आहे! बाईसारखे असणे हाच अपमान, असे आपण मुलांना आणि मुलींनाही एका शब्दात शिकवतो.

‘खेड्यांतील लोकांना हे पटणार नाही,’ असेही सांगण्यात येते. मी वालचंदनगरात राहतो. येथून नीरा नदी ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. त्या तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिले. पुण्या-मुंबईच्या बुद्धिवंतांनी नव्हे, कोरडवाहू शेती करणाऱ्या मतदारांनी. लोक मागासलेले आहेत, ही सबब बहुधा पुढाऱ्यांना सोयीची असते.

‘कायदा झाला, आता काय राहिले?’ असे विचारणाऱ्यांनी प्रा. रामचंद्र सिरस यांची आठवण ठेवावी. नागपूरकडचे हे मराठी कवी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. दिल्ली उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल २००९ सालीच लागला होता. तरीही विद्यापीठाने निलंबित केले ते घुसणाऱ्यांना नव्हे, सिरसांना. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि ७ एप्रिल रोजी ते आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. न्यायालयात जिंकलेला माणूस संस्थेत हरला. जेथे प्राध्यापकाची ही गत, तेथे आठवीतल्या मुलाचे काय होत असेल?

नियमांची वाण नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांचा मानसिक छळ निषिद्ध ठरवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ घातला. २०१९ च्या तृतीयपंथीयांविषयीच्या कायद्याचे कलम १३ शिक्षणसंस्थांना समावेशक शिक्षण देण्यास बांधून घेते. पण शिक्षकांना मार्गदर्शन करण्याची वेळ आली तेव्हा काय झाले? २०२१ च्या अखेरीस ‘एनसीईआरटी’ने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशाविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने हरकत घेताच काही दिवसांत ती मागे घेण्यात आली. बालकांच्या हक्कांचे रक्षण करायला नेमलेल्या आयोगाने बालकांविषयीचे पुस्तक मिटायला लावले, आणि आपल्या शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध एखादे निदर्शन केल्याचे माझ्या तरी स्मरणात नाही.

‘अशा चर्चेने मुले बिघडतील,’ ही भीती पालकांना प्रामाणिकपणे वाटते. तिची टिंगल करू नये, तिला उत्तर द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले. हा रोग नाही, म्हणून त्याला औषध नाही, आणि तो चर्चेने जडतही नाही. ‘उपचार’ म्हणून असा कल बदलण्याचा उद्योग हे वैद्यकीय गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवले आहे. तरी आजही मुलाला देवऋषाकडे नेतात, विजेचे झटके देणाऱ्याकडे नेतात, आणि काहीच चालले नाही की त्याचे लग्न लावून देतात. या शेवटच्या ‘उपाया’त एकाऐवजी दोन आयुष्ये जातात. ज्या मुलीच्या बापाने कर्ज काढून मांडव घातला, तिचा गुन्हा काय? स्त्रीमुक्तीचे नाव घेणाऱ्या चळवळीने त्या मुलीच्या बाजूने तरी या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे.

आईबापांना मी आरोपी करीत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा धाक त्यांनी निर्माण केलेला नाही. वालचंदनगर हे शेठ वालचंद हिराचंद यांच्या कारखान्याभोवती वसलेले गाव. अशा गावात शेजार आणि नोकरी एकाच भिंतीत असतात; सकाळी मुलाविषयी कुजबुज झाली की दुपारच्या पाळीला ती बापाच्या यंत्रापाशी पोहोचते. येथे तयार झालेले भाग चांद्रयान-३ च्या अग्निबाणात बसले, याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. परंतु चंद्रापर्यंत पोहोचणाऱ्या गावातला एखादा मुलगा शाळेच्या मुतारीत जाण्याच्या भीतीने दिवसभर पाणी पीत नसेल, तर त्या अभिमानात काही खोट आहे. आणि ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे आधारही लवकर पोहोचू शकतो. मुंबईत ‘स्वीकार’ या नावाने अशा मुलांचे पालक २०१७ पासून एकत्र येतात. २०२३ साली चारशेहून अधिक पालकांनी आपल्या मुलांच्या विवाहहक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने वीसेक वर्षांपूर्वी मराठीत हे काम सुरू केले. ही माणसे एकाकीपणे ते ओझे उचलत आली. संघटनेची विद्या आपल्याला येते. मग आपण त्यांच्या दारात का नाही?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. शाळा व्यवस्थापन समितीवर आपले जे सहकारी आहेत, त्यांनी छळाच्या तक्रारींचा विषय प्रत्येक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आणावा. शिक्षक संघटनांच्या अधिवेशनात या विषयाचे एक सत्र असावे आणि मागे घेतलेल्या पुस्तिकेची मागणी व्हावी. तक्रार आलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘त्याला सुधारा’ म्हणण्याची चाल बंद व्हावी. बोलवायचेच तर चिडवणाऱ्यांच्या पालकांना बोलवावे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून घरी कळवू नये, कारण पुष्कळदा पहिला मार घरीच बसतो. प्रत्येक तालुक्यात अशा पालकांना निर्धास्तपणे बोलता येईल असे एक तरी कार्यकर्त्याचे घर असावे. याला निधी लागत नाही, सत्ता लागत नाही.

पुढच्या बैठकीत मी तेच कलम पुन्हा मांडणार आहे. ज्यांना ते अमान्य असेल त्यांनी जरूर विरोध करावा. मात्र हात वर करून, कारण सांगून करावा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल. हशाला उत्तर देता येत नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलालाही ते देता आले नव्हते.