अंगणांतले सोबती : रुईवरचा नाकतोडा

गेल्या श्रावणांत एका शनिवारीं मारुतीच्या माळेसाठीं सूनबाईंनीं रुईचीं पानें आणविलीं. परडी ओसरीवर ठेवतांच तींतून एक पिवळा-निळा कीटक बाहेर आला आणि "टोळ! टोळ!" म्हणून मुलांनीं घर डोक्यावर घेतलें. एकानें तर चप्पलही उचलली. त्यांचा दोष नव्हता. २०२० सालच्या मे महिन्यांत अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली होती, तेव्हांच्या गोष्टी त्यांनीं ऐकल्या होत्या. मी चप्पल खालीं ठेवावयास लावली. कां, तें शेवटीं सांगतों.

हा टोळ नव्हे, रुईवरचा नाकतोडा होय. दोघांचा गण एक, परंतु कुळें भिन्न. लांबी सुमारें दोन इंच. मादी नराहून मोठी. अंगावर पिवळे व निळसर पट्टे, पुढचे पंख हिरवट व पिवळ्या ठिपक्यांचे. मागचे फिकट तांबडे पंख त्यानें ते पसरले म्हणजेच दिसतात. शास्त्रज्ञ त्याला 'पीकिलोसेरस पिक्टस' म्हणतात. लॅटिन भाषेंत 'पिक्टस' म्हणजे रंगविलेला.

आमच्या जळगांव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शेतांच्या धुऱ्यांवर व पडीत जमिनींत जेथें रुई, तेथें हा भाद्रपद-आश्विनांत हमखास आढळतो. रुईला संस्कृतांत 'अर्क' म्हणतात. तेंच सूर्याचेंही नांव. तिच्या चिकांत हृदयावर परिणाम करणारीं विषारी द्रव्यें असतात, म्हणून गुरेंढोरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. हा मात्र तेंच विष पचवितो, इतकेंच नव्हे तर अंगांत सांठवून स्वसंरक्षणासाठीं वापरतो. अर्धवट वाढलेल्या पिल्लाला चिमटा घेतला, तर त्याच्या पाठीवरील छिद्रांतून दुधट, कडवट द्रवाची पिचकारी दोन-दोन इंच उडते. आणि ज्या बाजूनें चिमटा घ्यावा, नेमकी त्याच बाजूस! पूर्ण वाढलेल्या नाकतोड्याच्या अंगावर तोच द्रव बुडबुड्यांच्या रूपानें जमतो. इतकें शस्त्र जवळ असल्यावर पळण्याची घाई कशास? स्वारी संथपणें पान कुरतडीत बसते. भडक रंग हीच शत्रूला ताकीद.

मादी पोटाचें टोंक जमिनींत खुपसून अंड्यांचा पुंजका घालते व भोंवतीं फेस सोडते. तो वाळला कीं अंड्यांना आवरण मिळतें. बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पंख नसतात. फिकट पिवळसर अंगावर काळे व तांबडे ठिपके असतात. पुनः पुनः कात टाकीत तीं वाढतात आणि अखेरच्या कातीनंतर पूर्ण पंख लाभतात. रुईवरच वाढणाऱ्या एका फुलपाखराची अळी कोशांत जाऊन रूप पालटते. याला कोशावस्थाच नाहीं.

रुई न मिळाल्यास हा क्वचित् इतर पिकांवरही जातो, हें खरें. म्हणूनच धुऱ्यावरची रुई सरसकट तोडण्यापूर्वीं विचार करावा.

आतां चप्पल कां थांबविली तें. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एका शेतकऱ्याच्या मुलानें हाच कीटक आगपेटींतून आणला. मीं ऐटीनें अतिवृष्टि, अनावृष्टि, मूषक, शलभ अशा सहा ईतींची नांवें म्हणून दाखविलीं, 'हाच तो शलभ' असें सांगितलें आणि तो सर्वांसमक्ष चिरडविला. मुलगा हळूच म्हणाला, "गुर्जी, हा तं रुईच खाते, कपाशीले तोंड नाही लावत." मीं त्याला खालीं बसविलें. त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. मला केवळ शब्द पाठ होता. पुढें खरें कळलें, तोंवर तो शाळा सोडून गेला होता. त्या दिवसानंतर त्यानें वर्गांत आपण होऊन कांहीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं. कीटक मेला त्याहून मला हेंच अधिक सलतें.

त्या शनिवारीं नातवंडांना घेऊन मी तो नाकतोडा परसांतल्या रुईवर सोडून आलों. आपल्या घरींही पानें तोडल्यावर मुलांचे हात धुवावे, चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. आणि एखादें मूल आगपेटी पुढें करील, तर आधीं त्याचें ऐकून घ्यावें, नांव मागाहून सांगावें.