चढावर चालते गाडी, माप मात्र सपाटीवर

साखरपा सोडून आंबा घाट लागला की त्या वडाप गाडीचं स्टिअरिंग हलकं पडायचं. "पुढचं चाक रस्त्याला टेकलंय की नाही तेच कळत नाही," मालक सांगत होता. तीन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं, तिन्ही रिपोर्ट हिरवे. खरं सांगायचं तर कॅस्टर थोडा वाढवून बघावा म्हणून मीही पाना हातात घेतला होता. मग थांबलो. नेहमीइतकी माणसं बसवली, कॅरिअरवर सामान चढवलं आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच भरलेल्या दुसऱ्या गाडीपेक्षा हिची मागची बाजू ४० मिलिमीटर खाली होती. वाकून पाहिलं तर मागच्या बंप स्टॉपच्या रबरावर ताजे, चकाकणारे घाव.

चढ लागला की चढाच्या अंशांइतका कॅस्टर वाढतो, असा समज आपल्या धंद्यात घट्ट बसला आहे. तो काढून टाकायला हवा. कॅस्टर बघायचा तो रस्त्याला धरून, आणि घाटात रस्ता गाडीसोबतच कललेला असतो. कोन बदलतो तो बॉडी रस्त्याच्या मानाने मागे बसली तर. २७०० मिलिमीटर व्हीलबेसला ४० मिलिमीटर म्हणजे साधारण ०.८५ अंश. शिवाय कॅस्टर वाढल्याने स्टिअरिंग जड होतं, हलकं नाही.

मग वजनाकडे वळू. भरलेली गाडी २००० किलोची, गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटर उंचीवर, चढ १२ ला १ धरला, तर पुढच्या ॲक्सलवरून मागे सरकणारा भार सुमारे ४३ किलो येतो. एका माणसाइतकाही नाही! एवढ्याने धडधाकट गाडीचं स्टिअरिंग हवेत जात नाही. पण मागच्या ॲक्सलच्याही मागे लादलेलं सामान पुढचा भार आधीच उचलून धरतं, आणि त्यात स्प्रिंग थकलेली असली की खेळ बिघडतो.

एका वेगाने असा चढ चढणं हे सस्पेन्शनच्या दृष्टीने सपाटीवर सतत वेग वाढवत राहण्यासारखंच आहे. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, लिंकवर बसवलेल्या ॲक्सलच्या गाडीत खालच्या लिंकचं बॉडीकडचं टोक सहसा ॲक्सलकडच्या टोकापेक्षा उंच ठेवतात. त्यामुळे चाकाची ढकल बॉडीला थोडी वर रेटते, मागचा भाग बसू देत नाही. स्प्रिंग खचली की हे टोक खाली येतं, लिंक आडवी होते आणि तो आधार नेमका हवा तेव्हाच कमी पडतो. बॉडी बंप स्टॉपवर टेकते. मग नागमोडी वळणावरचा प्रत्येक खड्डा मागून थेट बॉडीला बसतो आणि पुढचं टोक उसळतं. ड्रायव्हरच्या हाताला हलकं लागत होतं ते हेच. सपाट रॅकवर, रिकाम्या उभ्या गाडीत हे दिसणार तरी कसं?

दोन्ही मागच्या स्प्रिंग बदलल्या, रबरं नवी घातली, कॅरिअरवरचा भार पुढे सरकवायला सांगितला. कॅस्टरला हात लावला नाही. हेडलाइट मात्र पुन्हा लावावे लागले. मागची बाजू खचलेली असली की त्या ०.८५ अंशांनी २५ मीटरवर झोत जवळपास ३७ सेंटीमीटर वर जातो, थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. रात्रीच्या घाटात ही चूक जीवावर बेतू शकते.

आमच्या जॉब कार्डावर आता कॅम्बर, कॅस्टर, टो यांच्या आधी चारही चाकांच्या उंचीचे रकाने आहेत, रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही वेळच्या मापांसाठी. तुमच्याकडे घाटातल्या गाड्या येत असतील तर ही मापं मॉडेल आणि भारासकट आमच्याकडे पाठवा. पुरेशी जमली की तक्ता याच पानांवर छापू.